माथुरसाहेबांचा दहा मिनिटांचा पाठ

लखनौला जाऊन आले म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. चिकनचे कपडे किती आणले आणि कबाब खाल्ले का. चिकनचे दोन कुर्ते आणले, त्यातला एक पहिल्याच धुण्यात आखडला. कबाब मी खात नाही. बाकी जे पाहिलं ते ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो, म्हणून लिहून काढते आहे.

मी सांगलीत एका रुग्णालयाला जोडलेल्या प्रशिक्षण केंद्रात लॅब टेक्निशियन होऊ घातलेल्या मुलामुलींना शिकवते. आधी बारा वर्षं मी स्वतः लॅबमध्ये रक्त-लघवी तपासत होते. मग एक दिवस साहेबांनी सांगितलं की उद्यापासून पहिल्या वर्षाचा वर्ग तुम्ही घ्यायचा. शिकवायचं कसं, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. डॉक्टरांना शिकवणारे डॉक्टर असतात, नर्सेसना शिकवायला पदवी घेतलेल्या ट्यूटर असतात. आमच्यात ज्याला काम बरं येतं त्याच्या हातात खडू देतात. त्यामुळे जेव्हा पत्र आलं, की सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत लखनौला आमच्यासारख्या शिक्षकांसाठी बारा दिवसांचं प्रशिक्षण आहे, तेव्हा मला त्याचं नवल वाटलं. केंद्रातल्या दोघांनी तिकडच्या थंडीचा धसका घेऊन नाव मागे घेतलं. उरले मी.

इंदिरा नगर

माझा मावसभाऊ दिलीप बँकेत आहे. चार वर्षांपूर्वी त्याची बदली लखनौला झाली आणि इंदिरा नगरात त्याने भाड्याने घर घेतलं. त्याच्याकडेच मी उतरले. कॉलनी मोठी, नोकरदारांची. सकाळी नऊला सगळे पुरुष एकाच वेळी स्कूटरला किक मारताना दिसतात. म्हणजे दिसत नाहीत, नुसतेच ऐकू येतात, कारण जानेवारीत सकाळी समोरच्या घराचा गेटसुद्धा धुक्यात नाहीसा झालेला असतो.

सुनंदावहिनी मूळची कराडची. चार वर्षांत तिचं मराठी मजेशीर झालं आहे. "ताई, तुम्ही रजईतच बसा हं. बाहेर एवढा कोहरा आहे, सब्जीवाला भैयापण दहाशिवाय येत नाही," असं तिने मला पहिल्याच सकाळी सांगितलं. त्यांची मुग्धा दहा वर्षांची. तिच्याशी मराठीत बोललं की ती सगळं समजून घेते आणि उत्तर हिंदीत देते. मी तिला म्हटलं, मुग्धा, आत्याला जरा पाणी दे. ती म्हणाली, "ला रही हूँ ना, आत्या." दिलीपला याचं वाईट वाटतं, वहिनीला वाटत नाही, आणि मुग्धाला हा प्रश्नच कळत नाही.

तिथल्या हिवाळ्यात सगळ्यात जास्त काय असतं तर मटार. भातात मटार, पोह्यांत मटार, वाटलेल्या मटारची आमटी, आणि संध्याकाळी गाडीवर नुसता परतलेला मटार लिंबू पिळून. आपल्या मसालेभाताची बहीण शोभेल अशी तेहरी नावाची एक गोष्ट करतात. तिच्यात हळद चांगली असते, गोडा मसाला मात्र नसतो, त्यामुळे दर घासाला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. दिलीपने मला एका सकाळी मक्खन मलाई खायला नेलं. पिवळसर फेसाचा हा डोंगर फक्त थंडीतच मिळतो. मी चांगला मोठा चमचा भरून घेतला. चमच्यात दिसत होतं ते तोंडात गेल्यावर सापडलंच नाही. दोन द्रोण संपवूनही मी काही खाल्लं आहे असं पोटाला पटेना.

पहिल्या दिवशी मी टेम्पोतून, म्हणजे तिकडच्या मोठ्या शेअर रिक्षातून, एक चौक आधीच उतरले आणि धुक्यात भलत्याच फाटकातून आत गेले. ते पाणीपुरवठ्याचं कार्यालय होतं. तिथल्या शिपायाने मला अदबीने बसवलं, शेगडी पायाशी सरकवली, चहा आणून दिला, मी कुठून आले, घरी कोण कोण असतं, तिकडे थंडी पडते का हे सगळं विचारलं. चहा संपल्यावरच त्याने हळूच सांगितलं की मला जिथे जायचं आहे ती इमारत पुढच्या चौकात आहे. आमच्या सांगलीत शिपाई दारातूनच ओरडला असता. मी प्रशिक्षणाला अर्धा तास उशिरा पोचले, पण रागवावं असं त्या माणसाने काही केलंही नव्हतं.

वर्गात

आम्ही बावीसजण होतो. कुणी एक्स-रे शिकवणारे, कुणी फिजिओथेरपी, लॅबचे आठ. अर्धेअधिक लखनौ आणि आसपासचे, बाकीचे माझ्यासारखे लांबून आलेले. प्रशिक्षण देणाऱ्या मिश्रा मॅडम पन्नाशीच्या, स्वेटरवर शाल, शालीवर आणखी एक शाल. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहायला लावलं: या तासानंतर विद्यार्थ्याला काय करता येईल? पाठाचं टाचण काढताना सुरुवात इथून करायची, आपण काय सांगणार इथून नाही, असं त्या म्हणाल्या. मला ते फारच साधं वाटलं. मग टाचण काढायला बसले तेव्हा पहिल्या दोन दिवसांत मला एकही उद्दिष्ट धड लिहिता आलं नाही. मी प्रत्येक वेळी 'मी समजावून सांगेन' असंच लिहीत होते आणि मॅडम प्रत्येक वेळी तेवढ्याच शब्दांखाली रेघ मारत होत्या.

चौथ्या दिवसापासून प्रत्यक्ष पाठ सुरू झाले. प्रत्येकाने दहा मिनिटं शिकवायचं, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं. दोघादोघांच्या जोड्या लावल्या होत्या. जोडीदाराने समोर बसून एक फॉर्म भरायचा. फॉर्मवर बारा ओळी होत्या. आवाज, फळा, प्रश्न विचारणं वगैरे. यातली एकच ओळ अशी होती की जिच्यावर 'नाही' आलं तर पाठ परत करावा लागे: सुरक्षेचे नियम पाळले की नाही. नियम मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि त्यातला पहिला म्हणजे तोंडाने पिपेट ओढायची नाही.

हे जरा सांगायला हवं. हिमोग्लोबिन तपासताना बोटातून आलेलं रक्त एका बारीक काचेच्या नळीत, म्हणजे पिपेटमध्ये, एका खुणेपर्यंत ओढून घ्यावं लागतं. या नळीला रबराची दुसरी नळी जोडायची, तिचं टोक दातात धरायचं आणि तोंडाने ओढायचं, अशी आमची सगळ्यांची पद्धत. खुणेशी आलं की जिभेचं टोक लावलं, की रक्त तिथेच थांबतं. बाहेरच्या माणसाला किळस येईल, पण आम्हाला ते श्वास घेण्याइतकं सवयीचं आहे. आमच्या लॅबमधल्या एकाला काही वर्षांपूर्वी जबर कावीळ झाली. ती यामुळेच असं सिद्ध झालं नाही, पण तो गेला. त्यानंतरही आम्ही बरीच वर्षं तोंडानेच ओढत होतो. वर्षभरापूर्वी हाताने दाबून सोडायचे रबरी बल्ब आले आणि तोंडाला बंदी झाली. अजूनही घाईत असले की माझी मान आपोआप पुढे जाते.

माझे जोडीदार होते माथुरसाहेब. लखनौच्याच एका रुग्णालयात तीस वर्षं लॅबमध्ये काढलेली. पांढरे केस तेल लावून मागे बसवलेले, कोट जुना पण इस्त्रीचा. शहरातल्या निम्म्या लॅबमधले टेक्निशियन त्यांचे विद्यार्थी आहेत, हे मला दुसऱ्यांनी सांगितलं, त्यांनी नाही. चहाच्या सुटीत त्यांनी एवढंच सांगितलं, की त्यांच्याकडे आता नवा अभ्यासक्रम सुरू होतो आहे आणि हेड ट्यूटरची एक जागा निघणार आहे. हे प्रमाणपत्र असलं तरच त्या जागेसाठी नाव जाईल. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. नाव गेलं तर ती तीन वर्षं वर्गात, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाची आणि हे परत टेबलावर रक्त मोजायला. ते हसत म्हणाले, "बस, अब खड़िया से काम लेना है, खून बहुत देख लिया." खड़िया म्हणजे खडू.

त्यांचा पाठ हिमोग्लोबिनचाच होता. मी बावीसजणांत इतका चांगला पाठ पाहिला नाही. आवाज चढवत नव्हते, कुणाला अडवत नव्हते, आणि तरी आम्ही सगळे बाकावर पुढे सरकून बसलो होतो. मग प्रात्यक्षिक आलं. त्यांनी दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली, दोन्ही हातांनी पिपेट धरली, रबरी नळी दातात घेतली आणि रक्त नेमकं खुणेवर आणून थांबवलं. केसाइतकं इकडे नाही, तिकडे नाही. वर्गातून वाहवा आली. मिश्रा मॅडम तेवढ्यात कुणीतरी बोलावलं म्हणून दाराबाहेर गेल्या होत्या.

मी फॉर्मकडे पाहत बसले. इतरांचे फॉर्म मी पाहिले होते. लखनौकरांनी एकमेकांना सगळ्या ओळींत 'अति उत्तम' दिलं होतं. एका एक्स-रेवाल्याने फळ्याकडे तोंड करून दहा मिनिटं भाषण केलं, त्यालाही 'अति उत्तम' होतं. माझ्या पाठात बल्ब निसटला, नळीत बुडबुडा शिरला, रक्त खुणेच्या बरंच वर गेलं. माथुरसाहेबांनी सुंदर अक्षरात माझ्या बाराही ओळींत 'अत्यंत सराहनीय' लिहिलं होतं. मला त्याचा राग आला होता, कारण एवढ्या लांब येऊन मला माझ्या चुका हव्या होत्या आणि मिळत होती ती फुलं.

मी सुरक्षेच्या ओळीवर 'नाही' लिहिलं आणि फॉर्म दिला. जे खरं होतं तेच लिहिलं. 

मॅडमनी फॉर्म वाचला. माथुरसाहेबांना शेवटच्या दिवशी परत पाठ द्यावा लागेल असं सांगितलं. त्या दिवशी स्थानिक मंडळींचे साहेबलोकही पाठ बघायला येणार होते. माथुरसाहेब उठून माझ्यापाशी आले आणि वाकून म्हणाले, की आपण बारकाईने पाहिलंत त्याबद्दल आभारी आहे. टोमणा असावा म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी हे घरी सांगितलं तर दिलीप म्हणाला, "ताई, तू म्हणजे अगदीच सांगलीची. इथे असं कुणी लिहीत नाही गं. बाजूला घेऊन बोलतात, तेही बोलले तर." वहिनीने तिसरी पोळी वाढता वाढता विचारलं, की मग तुम्हाला कशाला बोलावलं होतं फॉर्म भरायला. मला तिचं म्हणणं पटलं, पण ती पोळी मी परत डब्यात ठेवली.

अमीनाबाद

रविवारी सुटी होती. वहिनी मला अमीनाबादला खरेदीला घेऊन गेली. रिक्षा बाहेरच सोडावी लागते, मग माणसांच्या मधून पाय सापडतील तिथे ठेवत जायचं. एका दुकानात गादीवर बसवून त्यांनी तीसएक कुर्ते उलगडले. आम्ही दोनच घेतले तरी दुकानदाराच्या चेहऱ्यावर आठी नाही. घड्या घालताना तो आम्हालाच धन्यवाद देत होता. पुण्याच्या दुकानदाराची मला आठवण आली आणि उगीचच हसू आलं.

माथुरसाहेबांचं घर तिथूनच जवळ होतं. शनिवारी निघताना त्यांनी फार आग्रहाने बोलावलं होतं. मी फॉर्मवर 'नाही' लिहूनही बोलावलं, त्यामुळे न जाणं मला जमलं नाही. गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, गच्चीवर ऊन. त्यांच्या पत्नीने वाटलेल्या मटारचं निमोना आणि भात वाढला, वर काळ्या गाजराचा हलवा. वहिनी आणि त्या दोघी पाककृती बोलायला स्वयंपाकघरात गेल्या. माथुरसाहेबांनी कपाटातून एक डबा काढला आणि गच्चीवरच्या टेबलावर आणून ठेवला. त्यात पिपेट, नवा कोरा रबरी बल्ब आणि लाल शाईचं पाणी भरलेली बाटली होती. "ज़रा देख लीजिए," म्हणाले.

त्यांनी एका हातात पिपेट धरली आणि दुसऱ्या हाताने बल्ब दाबला. पिपेटचं टोक बाटलीच्या तोंडावर टकटक वाजायला लागलं. त्यांनी थांबून परत सुरुवात केली. परत तेच. कोपर टेकवून पाहिलं, उभं राहून पाहिलं. लाल शाई खुणेच्या वर गेली, खाली आली, टेबलावर सांडली. मग मला कळलं. तोंडाने ओढताना दोन्ही हात पिपेटला धरता येतात. बल्ब आला की एक हात त्यात अडकतो आणि दुसरा एकटा पडतो.

मी विचारलं, केव्हापासून. ते म्हणाले, थंडी आहे. मी म्हटलं, आपण गच्चीत उन्हात बसलो आहोत, साहेब.

त्यांनी पिपेट खाली ठेवली. दोन वर्षं झाली होती. लॅबमध्ये कुणालाच माहीत नाही, असं ते म्हणाले. सकाळी लवकर जाऊन, कोपऱ्यातलं टेबल घेऊन, कोपरं टेकवून ते निभावून नेत होते. तोंडाची सवय सुटत नव्हती असं नाही, सोडता येत नव्हती. हात थरथरतो हे कळलं तर टेबलही जाईल आणि हेड ट्यूटरची जागाही. ज्याचा हात थरथरतो तो मुलांना काय दाखवणार, असंच कुणीही म्हणेल. हे सगळं त्यांनी रुमालाने टेबलावरची शाई पुसता पुसता सांगितलं.

मला वाईट वाटलं, आणि मी लिहिलेल्या 'नाही'चं ओझंही वाटलं. पण मी जन्मात कुणाचं सांत्वन केलेलं नाही, मला ते येत नाही. मी म्हटलं, फॉर्मवर कुठेही असं लिहिलेलं नाही की शिकवणाऱ्याने स्वतः करून दाखवायचं. विद्यार्थ्याला करता आलं पाहिजे एवढंच मॅडम रोज सांगताहेत. मला बल्ब वापरता येत नाही, ते तुम्ही पाहिलं आहे. मला शिकवा.

"यह तो चालाकी हुई," ते म्हणाले. मी म्हटलं, चालाकी की कसं ते माझ्या हाताला कळेल.

मग त्यांनी मला तासभर शिकवलं. हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि नुसतं बोलत राहिले. माझं काय चुकतं हे त्यांना माझ्या पाठाच्या दिवसापासून माहीत होतं. मी बल्ब एकदम सोडत होते आणि डोळे रक्तावर ठेवत होते. त्यांनी डोळे खुणेवर ठेवायला लावले. अंगठा उचलायचा नाही, नुसता सैल करायचा, हे त्यांनी मला किती वेळा म्हणायला लावलं असेल. शेवटी मी विचारलंच, की हे सगळं दिसत होतं तर फॉर्मवर का नाही लिहिलंत. ते अवघडले. म्हणाले, आपण पाहुण्या, आणि चार लोकांत कुणाची उणीव लिहून देणं त्यांना शोभलं नसतं. निघेपर्यंत माझी दहापैकी सहा वेळा लाल रेघ खुणेवर थांबायला लागली होती. शेवटच्या दिवशी काय करणार, हे त्यांनी सांगितलं नाही.

शेवटचा दिवस

शेवटच्या दिवशी ऊन पडलं. मागच्या बाकांवर पाच-सहा साहेबलोक बसले होते. माथुरसाहेबांचे वरिष्ठ डॉक्टर टंडन कडेला बसले होते, जाड चष्मा, मांडीवर टोपी. माझ्या हातात फॉर्म नव्हता. माथुरसाहेबांनी मॅडमना सांगून तो दुसऱ्याकडे द्यायला लावला आणि विद्यार्थी म्हणून मला पुढे बोलावलं. मला परीक्षेत आलं नव्हतं एवढं टेन्शन आलं.

त्यांनी शिकवायला सुरुवात केली. तोंडाने ओढायची पद्धत कशी होती आणि ती का सोडायची हे आधी सांगितलं. आपण स्वतः तीस वर्षं तसंच केलं आणि या वर्गातही केलं, आणि ते चूक होतं, हेही सांगितलं. मग पहिल्या बाकावरच्या एकाचं बोट माझ्याकडून टोचून घेतलं. रक्ताचा थेंब आला. ते माझ्यापासून दोन हात लांब उभे होते. मी बल्ब दाबला, टोक थेंबात बुडवलं, डोळे खुणेवर ठेवले. "सैल," ते म्हणाले. हा एक मराठी शब्द त्यांनी माझ्याकडून उचलला होता. रक्त वर चढलं आणि खुणेवर थांबलं.

मी सुटले असं मला वाटलं. मिश्रा मॅडम मात्र पेन बंद न करता म्हणाल्या, की पाठ फार चांगला झाला, पण शिक्षकाने स्वतः एकदा करून दाखवावं अशी अपेक्षा असते. त्यांच्या बोलण्यात काही खोच नव्हती, त्या विचारत होत्या.

यावर दहा तऱ्हेची उत्तरं देता आली असती. वेळ संपली म्हणता आलं असतं. या गावात तर कुणीही ते मान्य करून टाळ्या वाजवल्या असत्या. माथुरसाहेबांनी टेबलावरची पिपेट उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी उजव्या हातात धरली. ती हलत होती.

"मैडम, अब मेरा हाथ काँपता है," ते म्हणाले. "दो साल हो गए. मैं करके नहीं दिखा सकता. सिखा सकता हूँ."

 मी टंडनांकडे पाहिलं. मनात म्हटलं, झालं, मी लिहिलेल्या एका शब्दाने या माणसाला इथवर आणलं. डॉक्टर टंडन टोपी हातात घेऊन उभे राहिले. 

"माथुर साहब, हमें मालूम है," ते म्हणाले. "आपकी सारी गिनती शाम को दोबारा होती है. दो साल से. आपको टेबल से हटाकर क्लास में लाना था, इसीलिए यहाँ भेजा."

ते खाली बसले. मिश्रा मॅडमनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. दुपारी प्रमाणपत्रं वाटली, त्यात माथुरसाहेबांचं नाव होतं. टंडनांनी त्यांचा खांदा धरून, हेड ट्यूटरसाठी त्यांचं नाव सोमवारीच जाईल असं सांगितलं. लोकांनी त्यांना गराडा घातला. ते सगळ्यांचे आभार मानत होते, पण त्यांचं लक्ष त्यात नव्हतं.

निघताना ते मला टेम्पोपर्यंत सोडायला आले. टेम्पो भरेपर्यंत आम्ही फाटकापाशी उन्हात उभे होतो. मी अभिनंदन केलं. जागा आता नक्की तुमचीच, असंही म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, की तुमच्याकडे कुणाचा हात असा थरथरायला लागला तर लोक काय करतात.

मी म्हटलं, पहिल्याच दिवशी चहा पिताना कुणीतरी सगळ्यांसमोर विचारेल, काय हो, हात का थरथरतो.

"बुरा नहीं लगता?"

लागतं, मी म्हटलं. चार दिवस तो माणूस कुणाशी बोलत नाही.

माथुरसाहेब टेम्पो भरला का ते बघून आले. त्यांच्या लॅबमधली सगळी माणसं संध्याकाळी, ते घरी गेल्यावर, त्यांनी तपासलेल्या रक्ताच्या काचपट्ट्या परत काढून मोजत होती. सकाळी तीच माणसं त्यांना आदाब करत होती. हे सगळं ती प्रेमाने करत होती, यात मला शंका नाही, त्यांनाही नसावी. मी स्वतः तिथे असते तर काय केलं असतं हे मला आजही ठरवता येत नाही. आमची पद्धत बरी असं ठणकावून सांगायची सवय मला आहे, पण तेव्हा मी ते म्हटलं नाही.

टेम्पोवाल्याने हाक दिली. मी आत सरकून बसले. माथुरसाहेबांनी माझी पिशवी उचलून पायाशी ठेवली आणि वाकून म्हणाले, "किसी ने कह दिया होता, बहन जी. चार दिन बुरा लगता. मैं दो साल हर सुबह डरते हुए आया."

त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. टेम्पो सुटला.